संडासात कडबा कोणी भरला?

१९९९ च्या आसपासची गोष्ट. आमच्या गावात सरकारी अनुदानातून ओळीनं संडास उभे राहिले. विटा-सिमेंटच्या भिंती, वर पत्रा, लोखंडी दार. वर्षभरानं बघावं तर एकात कडबा, एकात गोवऱ्या, एकात शेळीची दोन करडं. आमच्या चुलत्यांच्या संडासाला कायम कुलूप असायचं, कारण आत बियाण्याची पोती होती. राहतं घर मातीचं, माळवदाला गळती. पावसाचं पाणी शिरत नाही अशी पक्की खोली घरात ती एकच. तिच्यात पोती सोडून माणसं बसवली असती तर भावकीनं चुलत्यांना वेड्यात काढलं असतं.

तपासणीला येणारे साहेब मात्र कपाळाला हात लावत. ‘या लोकांना कळतच नाही,’ असं म्हणून ते जीपमध्ये बसत. शिकून शहरात गेल्यावर मीही बरीच वर्षं तेच म्हणायचो.

कळत नव्हतं, हे काही खरं नाही. पावसाळ्यात हगवण लागते, पाणवठ्याजवळ घाण करू नये, हे आमच्या आजीलाही माहीत होतं. आपल्याकडे यावर एक जुनी म्हण आहे: कळतं पण वळत नाही. कळणं आणि वळणं यांच्यामध्ये जे अंतर असतं, त्याचा अभ्यास म्हणजेच वर्तनशास्त्र. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशी तीन-चार शास्त्रं त्यात एकत्र येतात. रिचर्ड थेलर यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मिळालं. त्यांचं काम पेन्शन, बचत, विमा अशा गोष्टींवर जास्त गाजलं. पण हे शास्त्र खरोखर कसाला लागलं ते खेड्यातल्या संडासावर, आणि त्या कहाणीतला मोठा भाग महाराष्ट्रात घडलेला आहे.

आधी कडब्याचं कोडं सोडवू.

लंडनच्या मानसशास्त्रज्ञ सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक साधी चौकट मांडली. माणसानं एखादी गोष्ट करावी असं वाटत असेल तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: ती त्याला जमायला हवी, तिची सोय हवी आणि त्याचं मन व्हायला हवं. तिन्हीतली एक जरी नसली तरी गाडं अडतं. आता आमच्या त्या संडासांना ही चौकट लावून बघा. नळ नाही, विहीर अर्ध्या कोसावर. हंडाभर पाणी डोक्यावरून आणायचं कोणी? सुनेनं. मग ते संडासात ओतायचं का स्वयंपाकाला ठेवायचं, हा प्रश्न घरात कोणी विचारायच्या आधीच सुटलेला असे. (गावासाठी बनवलेलं जास्त उताराचं भांडं दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं; पण गवंड्यानं शहरातलं, कमी उताराचं भांडं बसवलं की बादली लागते. एवढ्याशा फरकानं कितीतरी संडास बंद पडले असतील.) आत अंधार, कोंदट वास, आणि हात लांब केला की भिंतीला लागेल एवढीच जागा. त्याउलट पहाटेचं शिवार. गार वारा, सोबतीला शेजारी, जाता-येता पिकावर नजर. बायकांना तर दिवसभरात सासूच्या कानाआड बोलायला मिळणारी तेवढीच वेळ. अंधाराची भीती, विंचूकाटा, पोट आवळून धरणं हे हाल होतेच, पण त्याला जोडून ही मोकळीकही होती. ती मोकळीक कोणत्याही सरकारी आराखड्यात कोणी मोजली नव्हती.

म्हणजे जमायचं कसंबसं, सोय अर्धीमुर्धी, आणि मन तर अजिबात नाही. अनुदानानं फक्त भिंती मिळाल्या. भिंतींचा जो उपयोग लोकांना दिसला तो त्यांनी केला.

हे काही आमच्याच गावचं नव्हतं. १९९७ ते २००० या काळात महाराष्ट्रात अनुदानातून सोळा-सतरा लाख संडास बांधले गेले आणि नंतर पाहणी झाली तेव्हा जवळजवळ निम्मे वापराविना पडून होते. पुढे २०१४ मध्ये डायेन कॉफी आणि डीन स्पिअर्स या संशोधकांच्या गटानं उत्तर भारतातल्या पाच राज्यांत, बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि हरियाणात, सुमारे ३,२०० घरांची पाहणी केली. घरात चालू स्थितीतला संडास असलेल्या घरांपैकी ४० टक्क्यांहून जास्त घरांत किमान एक माणूस तरी बाहेरच जात होता. सरकार संडास मोजत होतं. माणसं कुठे जातात हे मोजायला एवढा उशीर झाला.

२००० साली राज्याचे ग्रामविकास मंत्री होते आर. आर. पाटील. त्यांच्या काळात सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानानं अनुदानाची वाट सोडली आणि गावागावांत स्पर्धा लावली. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी बक्षिसं. पैसा गावाच्या नावानं, तोही काम झाल्यावर. वरकरणी ही एक सरकारी योजना, पण तिनं प्रश्नच बदलला. ‘तुझ्या घरी संडास आहे का?’ याऐवजी ‘आपलं गाव शेजारच्या गावापेक्षा मागे का?’ असा तो झाला. शेजारच्या गावाशी असलेली खुन्नस ही महाराष्ट्रातल्या खेड्यांची फार जुनी ऊर्जा आहे; कुस्तीच्या फडात, जत्रेत, भजनाच्या बारीत ती दिसतेच. इथे तिला झाडू मिळाला.

नाव गाडगेबाबांचं दिलं हेही योग्यच झालं. शेंडगावच्या या माणसानं (१८७६–१९५६) वर्तनशास्त्र हा शब्द ऐकलेला असण्याची शक्यता नाही. पण त्यांची पद्धत बघा. गावात शिरायचं, कोणाशी न बोलता खराट्यानं रस्ता झाडायला लागायचं. म्हातारा माणूस आपल्या दारासमोरची घाण काढतोय हे बघून लोक आधी खजील व्हायचे, मग हात लावायचे. रात्री कीर्तन. त्यातही उपदेशापेक्षा प्रश्न जास्त. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं. स्वतःच्या तोंडून निघालेलं उत्तर माणूस सहजासहजी नाकारत नाही, हे आज प्रशिक्षण शिबिरांत पैसे घेऊन शिकवतात.

अभियान सुरू झालं त्याच सुमारास, २००० च्या आसपास, बांगलादेशात, राजशाही जिल्ह्यातल्या मोसमोइल गावात, कमल कार नावाचे कोलकात्याचे एक सल्लागार एका संस्थेचं काम तपासायला गेले होते. तिथेही तीच रड: अनुदान, संडास, आणि माणसं शेतात. कार यांनी गावकऱ्यांना काही शिकवायचं नाही असं ठरवलं. जमिनीवर गावाचा नकाशा काढायला सांगितला. ज्यानं त्यानं आपलं घर दाखवायचं, मग आपण कुठे जातो तिथे पिवळी पूड टाकायची. बघता बघता नकाशा पिवळा झाला. मग सगळ्यांनी मिळून त्या जागांवरून फेरी मारायची, नाकाला पदर न लावता. मग हिशेब: एक माणूस दिवसाला किती, घर महिन्याला किती, गाव वर्षाला किती टन? आणि हे सगळं जातं कुठे? शेवटी पाण्याचा ग्लास. ‘प्याल का?’ ‘पिऊ की.’ एक केस घ्यायचा, जमिनीवरच्या गुवाला लावायचा, ग्लासात बुडवायचा. ‘आता प्याल का?’ कोणी पीत नाही. ‘माशीला पाय किती? केसापेक्षा जाड का बारीक?’

इथे मंडळी गप्प होते. कोणी तरी पुटपुटतं की आपण एकमेकांची घाण खातोय. हे वाक्य बाहेरच्या माणसानं म्हणायचं नाही, ही त्या पद्धतीतली सगळ्यात कडक अट आहे. जंतूंवर भाषण नाही, आकडेवारीचा तक्ता नाही, संडासाचा नमुनाही दाखवायचा नाही. शब्दसुद्धा गुळमुळीत वापरायचे नाहीत. गावात जो शब्द चालतो तोच. आपल्याकडे सरकारी कागदांवर ‘मलमूत्र विसर्जन’ लिहिणारी मंडळी होती. पण २००२ च्या सुमारास ही पद्धत अहमदनगर आणि नांदेड जिल्ह्यांत आली आणि पुढे ‘हागणदारीमुक्त गाव’ हा शब्द थेट जिल्हा परिषदेच्या पत्रांवर चढला. इतर राज्यांत अजून ‘खुले में शौच’ असं सोवळं चालू असताना मराठी सरकारी भाषेनं हा गावरान शब्द उचलला, याचं मला आजही कौतुक वाटतं. किळस यायला हवी तर शब्दालाही वास हवा.

किळस हे फार जुनं यंत्र आहे. जंतूंचा शोध लागायच्या हजारो वर्षं आधीपासून ते आपल्याला कुजक्या, घाणेरड्या गोष्टींपासून मागे ओढत आलं आहे. आजार उद्याचा असतो आणि कदाचितचा असतो. किळस आत्ताची असते. उद्याच्या फायद्यापेक्षा आत्ताचा त्रास आपल्याला मोठा वाटतो, ही माणसाची सर्वांत चिवट खोड. उद्याच्या आजाराला आत्ताची किळस जोडली की तराजू हलतो.

पण ग्लासाच्या प्रयोगातला खरा डाव वेगळा आहे असं मला वाटतं. तो चावडीवर होतो, सगळ्यांच्या देखत. हेच शंभर घरांत शंभर वेळा एकेकट्याला दाखवलं असतं तर शंभर माणसं अस्वस्थ झाली असती आणि सकाळी टमरेल घेऊन निघाली असती, कारण एकट्यानं बदलून फायदा नाही. माझ्या घरी संडास असला तरी तुमच्या शेतावरची माशी माझ्या भाकरीवर बसणारच. आणि बाकी सगळे जिथे जातात तिथे मी नाही गेलो तर ‘मोठा आला साहेब’ हे ऐकावं लागणार.

तत्त्वज्ञ क्रिस्तिना बिक्येरी यांनी याची छान फोड केली आहे. सवय आणि रूढी यांत त्या फरक करतात. दात घासणं ही सवय. शेजारी घासो न घासो, मी घासतो. रूढी तशी नसते. ती मी दोन समजुतींवर पाळतो: बाकीचे असं करतात, आणि मीही असं करावं अशी त्यांची अपेक्षा आहे. या दोन समजुती हलल्याशिवाय रूढी हलत नाही. माझं वैयक्तिक मत काय, याला तिथे फारशी किंमत नसते. हुंड्याबद्दल बोलताना ‘मला नकोच हो, पण लोक काय म्हणतील’ असं म्हणणारे वीस बाप एकाच मांडवात बसलेले असतात, ते यामुळेच. प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच वेगळं मानतो. चावडीवर सगळ्यांच्या समोर सगळ्यांचं तोंड वाकडं झालं की हा भ्रम फुटतो. आपल्याला जी किळस आली ती पाटलालाही आली, हे दिसतं.

याच्या उलटा धडाही आहे आणि आपल्या नगरपालिका तो रोज गिरवतात. ‘येथे कचरा टाकू नये’ अशी पाटी आणि तिच्या खाली कचऱ्याचा ढीग. पाटी एक सांगते, ढीग दुसरं, आणि लोक ढिगाचं ऐकतात. अमेरिकेत एका राष्ट्रीय उद्यानात लोक अश्मीभूत लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. तिथे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चिआल्दिनी यांच्या गटानं दोन पाट्या लावून पाहिल्या. ‘अनेकांनी लाकूड नेल्यामुळे जंगलाचं नुकसान झालं आहे’ अशा अर्थाची पाटी होती तिथे चोरी सुमारे ८ टक्के. नुसतं ‘नेऊ नका’ म्हणणारी होती तिथे २ टक्क्यांच्या आत. पहिली पाटी खरं तर चोरांची शिफारस करत होती: सगळेच नेतात, तुम्हीही न्या. आपल्या भाषणांत ‘आपल्याकडे कोणीच नियम पाळत नाही’ हे वाक्य किती वेळा येतं, मोजून बघा. जिन्याच्या कोपऱ्यात देवादिकांच्या फरशा बसवणाऱ्या पुण्या-मुंबईच्या सोसायट्या याबाबतीत जास्त हुशार म्हणायच्या. पाटी न लावताच तिथे पिंक टाकणाऱ्याचं तोंड थबकतं.

हात धुण्याचं उदाहरण मला संडासाहूनही बोलकं वाटतं, कारण तिथे साबण, पाणी, ज्ञान सगळं घरात असतं. आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात १४ गावांत एक प्रयोग झाला. जेवणाआधी, संडासनंतर अशा मोक्याच्या वेळी साबणानं हात धुण्याचं प्रमाण सुरुवातीला एक-दोन टक्के. निम्म्या गावांत ‘सुपरअम्मा’ नावाची मोहीम आली. तिच्यात जंतू, जुलाब, बालमृत्यू यांचा उल्लेखसुद्धा नव्हता. होती ती एक खेडवळ, हुशार आई, जी मुलाला चांगलं वळण लावते आणि मुलगा पुढे मोठा माणूस होतो. सोबत घाणेरड्या हातांनी लाडू वळणारं एक विनोदी पात्र. आणि शेवटी गावासमोर बायकांनी घेतलेली शपथ. सहा महिन्यांनी त्या गावांत प्रमाण ३७ टक्के झालं. उरलेल्या गावांत ६. वर्षानं ते २९ वर आलं होतं, म्हणजे थोडं ओसरलं, पण विझलं नाही. जंतूंच्या धाकानं जे साधत नव्हतं ते आईच्या अभिमानानं साधलं. ‘वळण’ या शब्दाकडे पुन्हा बघा: कळतं पण वळत नाही, यातलं ‘वळणं’ आणि मुलाला लावायचं ‘वळण’ एकाच धातूचं.

नुसत्या मनावर काम करून भागतं असं मात्र नाही. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या संस्थेबरोबर १३४ गावांत लसीकरणाचा अभ्यास केला. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या आई निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर, हे आपण मराठी माणसं नोबेलच्या वेळी आठवणीनं सांगत होतोच.) एक ते तीन वर्षांच्या मुलांचं संपूर्ण लसीकरण, जिथे वेगळं काहीच केलं नाही अशा गावांत, ६ टक्के होतं. सरकारी दवाखान्यात परिचारिका भेटेलच याची खात्री नसे. आईनं मजुरी बुडवून, मूल काखेत मारून जायचं आणि कुलूप बघून परत यायचं. काही गावांत दर महिन्याला ठरलेल्या दिवशी न चुकता शिबिर भरवलं. प्रमाण १८ टक्के झालं, तिप्पट. आणखी काही गावांत शिबिराबरोबर दर खेपेला किलोभर डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला. प्रमाण ३९ टक्के.

एक किलो डाळीसाठी आई मुलाचा जीव पणाला लावते का, असं कोणी विचारलं तर प्रश्नच चुकीचा. लसीला तिचा विरोध नव्हता. ‘आज काम आहे, पुढच्या महिन्यात बघू’ एवढंच होतं. आपण आयकराचं विवरणपत्र भरताना किंवा दाताच्या डॉक्टरकडे जाताना करतो तेच. डाळीनं ‘आज’ला थोडं वजन दिलं. आणि गंमत म्हणजे डाळ देऊनही प्रत्येक मुलामागचा खर्च निम्म्यावर आला, कारण परिचारिका दिवसभर बसणारच होती. रांग लांबली की तिचा पगार जास्त मुलांत वाटला जातो.

आता पुन्हा संडासाकडे. देहूला १९६० च्या आसपास सुहास मापुस्कर नावाचे तरुण डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तुकोबांचं गाव, वारीची गर्दी, आणि संडास नाहीत. त्यांनी लोकांना समजावून सुरुवातीला काही संडास बांधून घेतले. पावसाळा आला आणि ते ढासळले. लोकांचा विश्वासही त्याबरोबर ढासळला. इथे बहुतेकांनी ‘लोक अडाणी’ म्हणून बदली मागितली असती. मापुस्करांनी ‘लोकांचं बरोबर आहे, माझा संडास चुकलाय’ असं मानलं आणि बांधणीकडे वळले. कोकणात कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी दोन खड्ड्यांचा ‘सोपा संडास’ विकसित केला होता. तो त्यांनी देहूत आणला, सुधारला आणि वर्षानुवर्षं घरोघर फिरून गाव त्यात उतरवलं. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मधली पन्नासेक वर्षं लोक त्यांना संडास डॉक्टर म्हणत, आणि ते त्यांना आवडायचं म्हणतात.

या दोन खड्ड्यांच्या संडासाचं गणित समजून घेण्यासारखं आहे. दोन शोषखड्डे, तळ मातीचा, बाजूच्या विटांत फटी ठेवलेल्या, म्हणजे पाणी जमिनीत मुरतं. मध्ये इंग्रजी वाय अक्षरासारखा फाटा. एक खड्डा चालू, दुसऱ्याकडचं तोंड बंद. कुटुंबाच्या आकाराप्रमाणे पहिला भरायला काही वर्षं लागतात. भरला की फाटा फिरवायचा. वर्ष-दीड वर्षात बंद खड्ड्यातल्या मैल्याची वास नसलेली, हाताला कोरडी लागणारी माती होते. तिला मराठीत जुना शब्द आहे, सोनखत. जाहिरात संस्थेला लाखो रुपये दिले तरी याहून चांगलं नाव सापडणार नाही.

एवढं असून लोकांना हा संडास नको असतो. कॉफी-स्पिअर्स यांच्या गटानं खोदून विचारलं तेव्हा उत्तर भारतात वारंवार एकच गोष्ट पुढे आली: खड्डा भरल्यावर उपसणार कोण? ते काम पिढ्यान्‌पिढ्या एका जातीच्या माथी मारलेलं. आता ती माणसं ते करायला तयार नाहीत, आणि का असावीत? बाकीच्यांना ते स्वतः करणं म्हणजे जातीतून उतरणं वाटतं. म्हणून लोक एक तर खोलीएवढा मोठा खड्डा खणतात, जो हयातीत भरणार नाही आणि ज्याचा खर्च परवडत नाही. नाही तर सरकारी छोटा खड्डा ‘जपून’ वापरतात: म्हातारी माणसं, बाळंतीण, पावसातली रात्र, एवढ्यापुरता. बाकीचे शेतात. वरून जो आळस दिसतो त्याच्या तळाशी अस्पृश्यता आहे. इथे पोस्टर, शपथ, डाळ यांतलं काहीच पुरत नाही. पटवर्धनांना हे फार आधी कळलं होतं. त्यांनी संडासाचं काम भंगीमुक्तीचं काम म्हणूनच हातात घेतलं, आणि सफाईसाठी झाडू-टोपली स्वतः उचलून.

फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणात वरंगळजवळच्या गंगादेवीपल्ली गावी खड्ड्यात उतरले आणि त्यांनी स्वतः खत उपसलं. बरोबर वेगवेगळ्या राज्यांचे अधिकारी. फोटो देशभर गेला. हे नाटक होतं का? होतं, आणि चांगलं होतं. गाडगेबाबांचा खराटाही तसाच सगळ्यांच्या देखत चाले. पण बाबा तो आयुष्यभर चालवत राहिले, सचिव संध्याकाळी दिल्लीला परतले, हा फरक उरतोच.

आता नको असलेला विषय. लोकलज्जा.

ज्या चावडीवर किळस सगळ्यांची मिळून उभी राहते, तीच चावडी एखाद्याला सोलूनही काढू शकते. आपल्याकडे पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायला गुड मॉर्निंग पथकं निघाली. सुरुवातीला गुलाबाचं फूल देऊन हात जोडायचे, गमतीचं होतं. मग शिट्ट्या आल्या, मग टॉर्च, मग फोटो, मग रेशन अडवण्याच्या धमक्या. पहाटे साडेपाचला पथकाच्या हाती कोण लागतं? ज्याच्या घरी जागा नाही तो, ज्याच्या नावावर जमीन नाही तो, पालावरचा, ऊसतोडीला आलेला. घरात संडास असून हौसेनं शेतात जाणारा बागाईतदार पथकाला दिसत नाही, कारण त्याचं शेत लांब आहे आणि पथकातला एक जण त्याचा पुतण्या आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातल्या भावखेडी गावात उघड्यावर बसल्याच्या कारणावरून दोन दलित मुलांना मारून टाकण्यात आलं. त्यांच्या घरी संडास नव्हता. आठवड्याभरात, २ ऑक्टोबरला, ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला.

म्हणून लाजेचं हत्यार वापरताना मी एक प्रश्न आधी विचारतो: ज्याला लाजवतोय त्याला बदलणं शक्य आहे का? सोय नसलेल्याला लाजवणं हा निव्वळ छळ. सोय असलेल्याला लाजवायचं तर ते त्याच्या बरोबरीच्यांनी, वरून नव्हे.

आकड्यांबद्दलही थोडं खरं बोलू. कुटुंब-आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ ला देशातली ३९ टक्के घरं उघड्यावर जात होती, २०१९-२१ ला १९ टक्के. चार-पाच वर्षांत निम्म्यावर येणं ही लहान गोष्ट नाही. पण १९ म्हणजे शून्यही नाही, घोषणा काहीही असो. आणि संडास वाढले की आजार आपोआप घटतात असंही नाही. ओडिशात पुरी जिल्ह्यात १०० गावांत चाचणी झाली. मोहिमेच्या गावांत संडास असलेल्या घरांचं प्रमाण ९ वरून ६३ टक्क्यांवर गेलं, तरी मुलांच्या जुलाबांत, जंतात, वजनात फरक दिसला नाही. अर्धं गाव बाहेर जात असेल तर माशी आणि विहीर दोघींना फरक पडत नाही. मोसमोइलचा हिशेब म्हणूनच सगळ्या गावाचा होता.

शास्त्राच्या जाहिरातीलाही भुलू नये. ‘पत्रातलं एक वाक्य बदललं आणि कर-वसुली वाढली’ अशा गोष्टी आपण वाचतो. माणसाला असं हळूच कोपर मारून वळवण्याला इंग्रजीत ‘नज’ म्हणतात. दोन संशोधकांनी अमेरिकेत सरकारसाठी असे नज करून बघणाऱ्या गटांच्या १२६ चाचण्या एकत्र तपासल्या, सव्वादोन कोटींच्या वर माणसं. विद्यापीठांच्या नियतकालिकांत छापून आलेल्या अशा प्रयोगांचा सरासरी परिणाम होता ८.७ टक्के बिंदू, म्हणजे शंभरात आणखी आठ-नऊ माणसं वळली. सरकारी गटांच्या सगळ्या चाचण्या धरल्या, यशस्वी आणि फसलेल्याही, की तो १.४. हा आकडा टाकाऊ नाही. जवळजवळ फुकटात मिळणारे दीड टक्के लाखो लोकांवर मोठेच असतात. पण पाणी नसलेल्या गावाला हळूच कोपर मारून पाणी येत नाही. टँकरच लागतो, नाही तर नळ.

आमच्या गावातला कडबा गेला तो २००५-०६ च्या सुमाराला. अभियान आलं होतं, नळयोजना आली होती, आणि शेजारच्या गावाला बक्षीस मिळाल्याचा डंख होता. तिघांचं श्रेय वेगळं काढता येत नाही. चुलत्यांनी बियाण्याची पोती माडीवर हलवली. घरचे सगळे वापरायला लागले, फक्त आजोबा सोडून. आबा ऐंशीचे. मुलांनी समजावलं, ग्रामसेवकानं समजावलं, नातवानं शाळेतलं स्वच्छतेचं गाणं म्हणून दाखवलं. आबा ऐकून घ्यायचे आणि टमरेल उचलायचे. सगळे म्हणत, म्हातारा हट्टी.

एका दिवाळीत माझ्या आत्याचे यजमान आले होते. ते गिरणीत फिटर होते. त्यांनी आबांना समजावलं काहीच नाही. दोन दिवस नुसतं त्यांचं उठणं-बसणं बघितलं. मग गावातून फूटभर पाइप आणला, भोकं पाडली आणि संडासाच्या भिंतीला गुडघ्याच्या वर, उजव्या हाताला येईल असा पक्का बसवला. आबांचे गुडघे गेले होते. शेतात बांधावरच्या बाभळीला धरून त्यांना उठता यायचं. त्या चार भिंतींच्या खोलीत धरायला काहीच नव्हतं, आणि उठता येत नाही म्हणून सुनेला हाक मारायची, हे त्यांच्यानं झालं नसतं. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.